नगरपरिषदेचे दप्तर कोणाचे? ‘विस्तृत माहिती’ म्हणून फेटाळलेला अर्ज

मोजपट्टी (धागालेखक)

आमच्या गल्लीतले सिमेंट काँक्रीटचे गटार दोन वर्षांपूर्वी बांधून झाले. पहिल्याच पावसाळ्यात त्याचा उतार उलटा असल्याचे कळले आणि दुसऱ्या पावसाळ्यात एका बाजूची भिंत खचली. देयक किती लांबीसाठी अदा झाले आणि जमिनीवर गटार प्रत्यक्षात किती लांबीचे आहे, एवढेच मला ताडून पाहायचे होते. त्यासाठी मी माहिती अधिकार कायद्याखाली नगरपरिषदेच्या जन माहिती अधिकाऱ्यांकडे चार कागद मागितले: अंदाजपत्रक, कार्यारंभ आदेश, मोजमाप पुस्तिकेतील (झालेल्या कामाची मोजणी नोंदवायच्या वहीतील) या कामाची पाने आणि अंतिम देयकाची प्रत. महाराष्ट्राच्या नियमांत २०१२ पासून असलेल्या अटीप्रमाणे अर्ज एकाच विषयाचा आणि दीडशे शब्दांच्या आत होता, त्यावर दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प होता आणि बारनिशीतून (आवक-जावक टेबलावरून) पोचही घेतली होती.

एकोणतिसाव्या दिवशी उत्तर आले, ते असे: “मागणी केलेली माहिती विस्तृत स्वरूपाची असून ती संकलित करण्यासाठी पुरेसे मनुष्यबळ उपलब्ध नसल्याने कलम ७(९) अन्वये पुरविता येत नाही.” प्रथम अपिलाची सुनावणी पाच मिनिटांत आटोपली आणि ‘जन माहिती अधिकाऱ्यांचे उत्तर योग्य असल्याने कायम’ असा एका ओळीचा आदेश हाती पडला. आता मी राज्य माहिती आयोगाकडे द्वितीय अपील केले आहे.

माझा आक्षेप नकारापेक्षाही नकारासाठी निवडलेल्या कलमावर आहे. कलम ७(९) माहिती नाकारण्याचे कलमच नाही. माहिती ज्या स्वरूपात मागितली त्याच स्वरूपात साधारणपणे द्यावी, मात्र तसे केल्याने कार्यालयाची साधनसामग्री प्रमाणाबाहेर त्यातच गुंतणार असेल किंवा अभिलेखाला धोका पोहोचणार असेल तर ते स्वरूप बदलता येईल, एवढेच त्यात म्हटले आहे. प्रती काढणे अवघड असेल तर कार्यालयात बोलावून कागद दाखवावेत, असा त्याचा सरळ अर्थ होतो. माहिती नाकारण्याची कारणे कलम ८ आणि ९ मध्ये आहेत आणि त्यांपैकी एकही माझ्या उत्तरात नाही.

हा कायदा आकाशातून पडलेला नाही. राजस्थानातल्या खेड्यांतील मजुरांनी मजदूर किसान शक्ती संघटनेच्या माध्यमातून पंचायतीची हजेरीपत्रके आणि देयके मागितली, जनसुनवाईत ती मोठ्याने वाचली, १९९६ मध्ये ब्यावरला चाळीस दिवस धरणे धरले आणि तिथून मागणी देशभर गेली. महाराष्ट्रात अण्णा हजारे यांच्या आंदोलनानंतर राज्याचा स्वतंत्र कायदा अमलात आला आणि १२ ऑक्टोबर २००५ पासून केंद्राचा कायदा पूर्णपणे लागू झाला. म्हणजे ज्या कागदांसाठी तो कायदा जन्मला तेच कागद, स्थानिक कामाचे मोजमाप आणि देयक, आज वीस वर्षांनंतरही मला ‘विस्तृत’ म्हणून नाकारले जातात. हे मला मान्य नाही आणि कोणालाही मान्य असू नये, असे मला वाटते.

बारनिशी

मी नगरपरिषदेत लिपिक म्हणून लागलो आणि कार्यालयीन अधीक्षक म्हणून निवृत्त झालो. धागालेखकांचा अर्ज नीटनेटका होता आणि त्यांना मिळालेले उत्तर चुकीचे होते, हे आधीच मान्य करतो. पण त्या उत्तरामागे काय असते, हे टेबलाच्या पलीकडून पाहिलेल्या माणसाने सांगणेही गरजेचे आहे.

माझ्या शेवटच्या वर्षांत माझ्याकडे आस्थापना, सभा कामकाज आणि माहिती अधिकार ही तीन टेबले एकत्र होती, कारण रिक्त पदे भरली गेलेली नव्हती. जुनी दप्तरे लाल रुमालात बांधून माडीवर रचलेली असत. एक नस्ती (फाइल) शोधायची म्हणजे शिडी लावून गठ्ठे उतरवायचे, प्रत्येकाची गाठ सोडायची, वाळवीने खाल्लेली पाने हलक्या हाताने वेगळी करायची आणि पुन्हा तशीच बांधून ठेवायची. ते करत असताना खाली जन्म-मृत्यू दाखल्यासाठी रांग लागलेली असे आणि त्या रांगेतल्या माणसालाही त्याचा हक्कच हवा असे.

आणि सगळे अर्जदार धागालेखकांसारखे नसतात. एकाच गृहस्थाने एका महिन्यात बांधकाम विभागाच्या प्रत्येक कामावर एकेक अर्ज टाकल्याचे मी पाहिले आहे. कागद तयार करून शुल्क भरण्याचे पत्र पाठवले की ते येत नसत. काही दिवसांनी ‘माझे समाधान झाले आहे’ एवढी चिठ्ठी येई. समाधान कोणी आणि कशाने केले, हे कार्यालयात सगळ्यांना ठाऊक असे. सर्वोच्च न्यायालयानेही २०११ मध्ये केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाच्या प्रकरणात म्हटले आहे की, पंच्याहत्तर टक्के कर्मचारी आपला पंच्याहत्तर टक्के वेळ माहिती गोळा करण्यात घालवत आहेत, अशी परिस्थिती देशाला नको आहे. म्हणून माझे मत असे की, एका व्यक्तीने एका कार्यालयाकडे वर्षात किती अर्ज करावेत याला मर्यादा हवी आणि माहिती कशासाठी हवी हे अर्जात लिहिण्याची सक्ती हवी.

कलमदान

मी वकिली करतो आणि अशी अपिले चालवतो, म्हणून बारनिशी साहेबांच्या दोन्ही सूचनांना माझा विरोध का आहे ते सांगतो.

कारण विचारण्याची सक्ती आणायची तर कायद्याचा कणाच काढावा लागेल. कलम ६(२) स्पष्ट सांगते की, अर्जदाराला माहिती मागण्याचे कारण द्यावे लागणार नाही आणि संपर्कासाठी लागतो त्यापलीकडे वैयक्तिक तपशीलही मागता येणार नाही. ही तरतूद विचारपूर्वक केलेली आहे. एकदा कारण लिहून घेतले की कारण ‘पुरेसे’ आहे की नाही हे ठरवण्याचा अधिकार त्याच टेबलाकडे जातो, ज्याच्या कामाची तपासणी व्हायची आहे. गटाराची लांबी मोजणाऱ्या नागरिकाला ‘आपला यात काय संबंध’ असे विचारले जाईल आणि तो गल्लीत राहतो हे उत्तरही अपुरे ठरवले जाईल.

२०११ च्या त्या निकालाचा उल्लेख मी जवळजवळ प्रत्येक सुनावणीत ऐकतो. त्यातले निरीक्षण सरसकट आणि अव्यवहार्य मागण्यांविषयी आहे. मात्र त्याच निकालाने उमेदवाराला त्याची तपासलेली उत्तरपत्रिका पाहण्याचा हक्क दिला, हे सांगायचे राहून जाते. जी माहिती कार्यालयाकडे नाही ती तयार करून देण्याचे बंधन नाही, असेही तो निकाल म्हणतो, आणि ते योग्यच आहे. ‘हे गटार उलट्या उताराचे का बांधले’ असे विचारले असते तर तो प्रश्न माहितीच्या व्याख्येत बसला नसता. मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने २००८ मध्ये ‘का’ या प्रश्नाचे उत्तर म्हणजे माहिती नव्हे, असे सांगितलेले आहे. पण मोजमाप पुस्तिकेची पाने तयार करावी लागत नाहीत. ती भरल्याशिवाय देयक निघतच नाही. मग ‘संकलन’ कशाचे करायचे होते?

पैशासाठी अर्ज करणारे लोक आहेत, हे खरे आहे. कागदाची धमकी देऊन पैसे उकळणे हा खंडणीचा गुन्हा आहे आणि त्यासाठी फौजदारी कायदा आहे. पण एक गोष्ट नम्रपणे विचारतो. ज्या ठेकेदाराने त्या गृहस्थांचे ‘समाधान’ केले त्याला लपवण्यासारखे काहीच नव्हते, तर त्याने पैसे का दिले असावेत? तीच देयके नगरपरिषदेने आपणहून सूचना फलकावर आणि संकेतस्थळावर लावली असती, तर विकायला काही उरलेच नसते. कलम ४(१)(ख) मध्ये स्वतःहून जाहीर करायच्या सतरा बाबी आहेत. किती नगरपरिषदा त्या दरवर्षी अद्ययावत करतात, हे आपण स्वतः जाऊन पाहावे.

तिऱ्हाईत

दोन्ही बाजू वाचल्या आणि तिसरी कोणीच मांडत नाही म्हणून लिहिते आहे. आम्ही घरकुलासाठी अर्ज केला होता. शेजारच्या एका गृहस्थांनी लाभार्थ्यांच्या नस्त्यांच्या प्रती मागितल्या आणि कार्यालयाने त्या जशाच्या तशा देऊन टाकल्या. त्यात माझा आधार क्रमांक, बँक पासबुकाचे पहिले पान आणि सासूबाईंचे आजारपणाचे प्रमाणपत्र होते. ते कागद गावात हातोहात फिरले. मला कोणी विचारले नाही, कळवलेही नाही.

म्हणून ‘सगळे दप्तर जनतेचे’ असे कोणी म्हटले की मला भीती वाटते. ज्यांच्याबद्दलची माहिती त्या दप्तरात आहे तीही जनताच आहे. अधिकाऱ्यांनी जरा हात आखडता घेतला तर मला त्यात वाईट वाटत नाही.

मोजपट्टी (धागालेखक)

ताई, तुमच्या बाबतीत जे झाले ते कायदा पाळून झालेले नाही. यादीत कोणाचे नाव आहे आणि त्याला किती रक्कम मिळाली, हे सार्वजनिक पैशाचे असल्याने उघड असायला हवे. पण आधार क्रमांक आणि आजारपण हे झाकायलाच हवे होते आणि तशी सोय कलम १० मध्ये आहे, ज्यानुसार न द्यायचा भाग वगळून उरलेला देता येतो. तुमची माहिती गोपनीय मानलेली असेल तर कलम ११ प्रमाणे अर्ज आल्यापासून पाच दिवसांत तुम्हाला लेखी कळवून, माहिती देण्यापूर्वी तुमचे म्हणणे घेणेही बंधनकारक होते. तुमचे कागद बिनदिक्कत दिले गेले आणि माझे गटार गोपनीय ठरले. कायदा न वाचता उत्तरे दिली की दोन्ही घडते.

मात्र ‘हात आखडता घ्यावा’ या तुमच्या सूचनेशी मी सहमत होऊ शकत नाही, कारण तो आखडलेला हात तुमच्यासाठी वापरला जाईलच अशी खात्री नाही. डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षणाच्या २०२३ च्या कायद्याने कलम ८(१)(ञ) मधील जुनी सविस्तर वाक्यरचना काढून तिथे नुसते ‘वैयक्तिक माहिती’ एवढेच ठेवले आहे. जी माहिती संसदेला किंवा विधिमंडळाला नाकारता येत नाही ती नागरिकालाही नाकारता येणार नाही, हे परंतुकही (कलमाला जोडलेली अट) त्यासोबत गेले. उद्या देयकावर ठेकेदाराचे नाव आहे म्हणून ते देयकच वैयक्तिक ठरवले गेले, तर आपल्याला कलम ८(२) मधील व्यापक जनहिताचा आधार घेऊन भांडावे लागेल.

दुपारची पाळी

वादात न पडता एक व्यवहाराची गोष्ट सांगते. राज्य सरकारच्या २६ नोव्हेंबर २०१८ च्या शासन निर्णयानुसार जिल्हास्तरीय कार्यालये आणि स्थानिक स्वराज्य संस्थांत दर सोमवारी दुपारी ३ ते ५ या वेळेत नागरिकांना अभिलेख पाहता येतात. पुणे महापालिकेत ही प्रथा त्याआधीपासून होती. अपिलाची वाट पाहत बसण्यापेक्षा आधी सोमवारी जाऊन या. शासन निर्णयाची प्रत सोबत ठेवा, म्हणजे दारातून परत फिरावे लागणार नाही.

मोजपट्टी (धागालेखक)

आपल्या सूचनेप्रमाणे गेल्या सोमवारी जाऊन आलो. पहिला अर्धा तास शासन निर्णय वाचून दाखवण्यात गेला. त्यानंतर बांधकाम विभागातील एका तरुण कनिष्ठ अभियंत्याने स्वतः उठून कपाट उघडले आणि मोजमाप पुस्तिका माझ्यासमोर ठेवली. शोधायला त्याला दहा मिनिटेही लागली नाहीत.

आमच्या गटाराची नोंद दोन पानांत संपते. लांबीच्या रकान्यात आधी निळ्या शाईने लिहिलेला आकडा खोडून त्यावर काळ्या शाईने दुसरा लिहिला आहे आणि त्या खाडाखोडीशेजारी कोणाची सही नाही. काळा आकडा मी घरी फीत लावून मोजलेल्या लांबीपेक्षा एकतीस मीटरने जास्त आहे. मी टिपण काढून घेतले. फोटो काढू का, असे विचारल्यावर ‘साहेबांना विचारावे लागेल’ असे उत्तर मिळाले आणि साहेब दौऱ्यावर होते. यातून कोणी गैरव्यवहार केला असे मी आज म्हणत नाही. सुधारित मोजणी झालेली असू शकते आणि तिचा कागद दुसऱ्या नस्तीत असू शकतो. पण ही दोन पाने ‘विस्तृत’ होती, हे आता कोणी म्हणू नये.

बारनिशी

खाडाखोड करून शेजारी सही नसणे हे आमच्या काळीही अक्षम्य मानले जाई. ती मोजणी करणाऱ्याने आणि तपासणाऱ्याने, दोघांनीही सही करायला हवी होती. या एका प्रकरणात मी पूर्णपणे आपल्या बाजूने आहे. अर्जांच्या संख्येवरील मर्यादेबाबतचे माझे मत मात्र बदललेले नाही, कारण त्या तरुण अभियंत्याचे दहा मिनिटांचे काम एका माणसासाठी होते आणि तशी पन्नास माणसे आली तर तो मोजणीला कधी जाणार, याचे उत्तर मला अजून कोणी दिलेले नाही.

आणखी एक, अनुभवाने सांगतो. त्या दोन पानांची प्रमाणित प्रत आपल्या हातात नाही, तोवर आपल्याकडे फक्त टिपण आहे. आजच नवीन अर्ज द्या, त्यात पुस्तिकेचा क्रमांक आणि पान क्रमांक लिहा आणि पाहणीची तारीख नमूद करा. उद्या ‘अभिलेख आढळून येत नाही’ असे उत्तर आले, तर तो त्या दिवशी कार्यालयात होता हे सिद्ध होईल आणि महाराष्ट्र सार्वजनिक अभिलेख अधिनियम, २००५ लागू करण्याची मागणी करता येईल. त्यात पाच वर्षांपर्यंत कारावासाची तरतूद आहे.

कलमदान

बारनिशी साहेबांच्या या सल्ल्यात एकच भर घालतो. द्वितीय अपिलातही पाहणीचे टिपण जोडा आणि कलम १९(५) चा उल्लेख करा. नकार योग्य होता हे सिद्ध करण्याची जबाबदारी त्या कलमाने जन माहिती अधिकाऱ्यावर टाकलेली आहे, अर्जदारावर नाही. मनुष्यबळ नव्हते, असे ते पुन्हा म्हणाले, तर कपाटातून पुस्तिका निघायला किती वेळ लागला ते आयोगासमोर सांगा.

मोजपट्टी (धागालेखक)

नवा अर्ज आज दिला. पुस्तिकेचा क्रमांक, दोन्ही पानांचे क्रमांक आणि सोमवारची तारीख त्यात लिहिली आहे. बारनिशीतील ताईंनी अर्ज वाचून पोच देताना शिक्का दोनदा उमटवला, कारण पहिला पुसट आला होता.