मदत हवी आहे: माहेरचं नाव, सासरचं नाव आणि तीन वेगळे एच-इंडेक्स

नमस्कार मंडळी,

मी औषधांना दाद न देणाऱ्या क्षयरोगावर काम करते. असोसिएट प्रोफेसरच्या जागेसाठी अर्ज भरतेय आणि 'एकूण सायटेशन्स व एच-इंडेक्स' (म्हणजे इतरांनी आपल्या पेपरांचे दिलेले संदर्भ, आणि त्यांवरून काढलेला एक आकडा) या रकान्यापाशी अडलेय. आकडा कुठून घ्यायचा ते फॉर्मात लिहिलेलं नाही. संदर्भ मोजणाऱ्या तीन साइट्सवर माझा एच-इंडेक्स तीन तऱ्हेचा: गूगल स्कॉलर म्हणतं १९, स्कोपस १२, वेब ऑफ सायन्स १०. बाई एकच, पेपरही तेच!

थोडा फरक पडणारच, हे कळतं. स्कॉलर प्रबंध, प्रीप्रिंट (जर्नलमध्ये छापून येण्याआधीचा मसुदा), वेबसाइटवर पडलेली पीडीएफ, सगळ्यांतले संदर्भ धरतं. बाकीचे दोघे आपापल्या यादीतल्या जर्नल्सच्या बाहेर फारसं बघत नाहीत. पण माझी खरी भानगड नावाची आहे. पीएचडीचे पेपर माहेरच्या आडनावाने, नंतरचे सासरच्या. मधलं अक्षर आधी वडिलांचं, मग नवऱ्याचं. त्यामुळे स्कोपसच्या लेखी आम्ही दोघीजणी आहोत, आणि त्यातल्या दुसरीच्या खात्यावर कुणा दंतवैद्याचे रूट कॅनॉलवरचे पेपर येऊन बसलेत. (पबमेड या वैद्यकीय पेपरांच्या सूचीत नुसतं 'पाटील एस' शोधून बघा, म्हणजे कल्पना येईल.)

दुसरी अडचण. लॅन्सेट या वैद्यकीय जर्नलमधल्या जागतिक रोगभाराच्या एका पेपरवर शेकडो लेखकांत माझंही नाव आहे. माझ्या एकूण सायटेशन्समधला निम्म्याहून जास्त वाटा त्या एकट्याचा. तो धरला तर फुशारकी वाटते, वगळला तर नुकसान. काय करावं?

प्रतिसाद १
ताई, मी ग्रंथालयात हेच निस्तरत असतो. आधी ऑर्किड काढा. संशोधकाची ओळख सांगणारा सोळा अंकी क्रमांक, फुकट मिळतो. त्यात 'इतर नावे' असा भाग असतो, तिथे माहेरचं नाव सगळ्या रूपांत घाला. मग स्कोपसवर दोन्ही नावांनी लेखक शोधा, दोन्ही प्रोफाइल निवडून एकत्र करायची विनंती पाठवा. त्यासाठी संस्थेचं सबस्क्रिप्शन लागत नाही. दाताचे पेपर तिथेच काढून टाकता येतात. दुरुस्ती लगेच दिसत नाही, तेव्हा अर्जाच्या तारखेची वाट बघत बसू नका. स्कॉलरवर प्रीप्रिंट आणि छापील पेपर वेगवेगळे दिसत असतील, तर दोन्हींवर खूण करून मर्ज करा.

रकान्यात '१२ (स्कोपस, अमुक तारखेला)' असं लिहा. स्रोत नसलेल्या आकड्याला कुणी विचारत नाही.

प्रतिसाद २
निवड समितीवर बसलेय म्हणून सांगते. त्या मोठ्या पेपरने एच-इंडेक्स फार तर एकाने वाढतो, मग त्याला पाच हजार सायटेशन्स असोत की पन्नास. १२ याचा अर्थच मुळी किमान १२ सायटेशन्स असलेले १२ पेपर. हर्श या भौतिकशास्त्रज्ञाने २००५ मध्ये हे माप सुचवलं ते अशाच एखाद्या पेपरने सगळं चित्र बदलू नये म्हणून. फुगते ती एकूण बेरीज. तेव्हा बेरीज दोन्ही द्या, त्या पेपरसकट आणि त्याच्याविना. लपवलेलं समितीला दिसतंच, कारण आम्हीही स्कॉलर उघडूनच बसलेलो असतो.

अमेरिकेच्या एनआयएच या सरकारी वैद्यकीय संशोधन संस्थेचं आयसाइट हे मोफत साधनही वापरून बघ. पबमेडचे क्रमांक टाकले की प्रत्येक पेपरचं सापेक्ष सायटेशन गुणोत्तर मिळतं. १ म्हणजे त्याच विषयातल्या, त्याच वर्षीच्या, एनआयएचच्या पैशावर झालेल्या पेपरांचा मध्य. क्षयरोगवाल्यांची कर्करोगवाल्यांशी सरळ तुलना होते तेव्हा आपल्यावर अन्याय होतो, तिथे हे उपयोगी पडतं. आणि पहिली लेखिका किंवा पत्रव्यवहाराची लेखिका म्हणून असलेले पेपर ठळक कर. मी तरी आधी तेच बघते.

धागाकर्ती
दोघांचेही आभार! ऑर्किड झालं, स्कोपसला विनंती गेली. आता एकच राहिलं: पुढच्या पेपरांवर दोन्ही आडनावं जोडून लिहू का?

प्रतिसाद १
नको हो, तिसरी बाई तयार होईल. सध्या पेपरवर जे नाव छापून येतंय तेच, त्याच अक्षरांत, आणि प्रत्येक वेळी ऑर्किड सोबत.