कल्पित जगातल्या मैत्रिणी : तुमचे अनुभव लिहा

विज्ञानकथा-अद्भुतकथांत नायकाला जिवाभावाचा दोस्त असतोच. नायिकेची मैत्रीण मात्र शोधावी लागते. १९८५ साली ॲलिसन बेकडेल यांच्या चित्रकथेतली एक बाई सिनेमा निवडण्याचा नियम सांगते : त्यात किमान दोन बायका हव्यात, त्या एकमेकींशी बोलायला हव्यात, आणि तेही पुरुष सोडून दुसऱ्या विषयावर. त्यात बसलेला शेवटचा सिनेमा म्हणून ती 'एलियन'चं नाव घेते, कारण त्यातल्या दोघी राक्षसाबद्दल बोलतात! तुम्हाला भेटलेली मैत्रीण कोणती? नुसतं कथानक नको, ती तुमच्या मनात का राहिली तेही लिहा.

सोलापूर
माझी चपला. राष्ट्रभाषेच्या परीक्षा देताना 'चंद्रकांता' ही हिंदी कादंबरी हाती आली. चपला राजकन्या चंद्रकांतेची नुसती सखी नाही, ऐयारा, म्हणजे चतुर हेर आहे. वेष पालटणं, बेशुद्धीची औषधं, हेरगिरी, सगळं तिला येतं. मी आणि शेजारची मैत्रीण चपला कोण होणार यावरून भांडायचो. राजकन्या व्हायला दोघीही तयार नसायचो.

पुणे
अर्सुला ले ग्विन यांच्या 'अर्थसी' या जादूगारांच्या कादंबरीमालिकेतल्या 'द टूम्ब्स ऑफ अटुआन'मधली पेंथे. नायिका टेनारला लहानपणीच घरून आणून थडग्यांची मुख्य पुजारीण केलेलं, तिचं नावसुद्धा काढून घेतलेलं. गुबगुबीत, हसरी पेंथे एकदा सहज म्हणून जाते की त्यांचा देवराजा, म्हणजे देव मानला जाणारा राजा, देव असला तरी त्यालाही पायाची नखं कापावी लागतच असतील. टेनार हादरते. शेजारी बसणाऱ्या मुलीच्या मनात अख्खं वेगळं जग असू शकतं, हे तिला तेव्हा कळतं.

मी सोवळ्या-ओवळ्याच्या घरातून होस्टेलला आले होते. लातूरकडच्या रूममेटनं एका रात्री शांतपणे विचारलं, "तुला स्वतःला पटतं का गं हे?" मला राग आला, रडूही आलं. पण तोवर मला हे कुणी विचारलंच नव्हतं. आजही मोठा निर्णय घ्यायचा असला की पहिला फोन तिलाच जातो.

याच मालिकेतलं १९९०चं 'तेहानू'ही वाचा. तिथे टेनार मध्यमवयीन शेतकरी विधवा आहे, आणि भाजलेल्या मुलीसाठी तिला बोलवायला येते ती गावातली मैत्रीण लार्क. जादूगार नंतर, आधी शेजारीण. मला हे फार खरं वाटतं.

नागपूर
भागवतातली चित्रलेखा चालेल ना? उषेच्या स्वप्नातला तरुण ओळखता यावा म्हणून ती एकेकाचं चित्र काढत जाते, आणि ओळख पटताच आकाशमार्गे द्वारकेला जाऊन झोपलेल्या अनिरुद्धाला उचलून आणते. आजी गोष्ट सांगायची तेव्हा मला उषेपेक्षा हीच आवडायची.

ठाणे
रुकैया सखावत हुसेन यांची १९०५ची 'सुलतानाज ड्रीम' ही कथा. बायकांच्या राज्यात उन्हावर स्वयंपाक होतो आणि उन्हाच्याच तापानं शत्रूला पळवून लावतात. मी सौरपंपांच्या कामात आहे, त्यामुळे तो भाग आवडणारच. पण माझा जीव अडकला तो वेगळ्या ठिकाणी. पडद्यात वाढलेली निवेदिका भरदिवसा रस्त्यावर चालताना बावरते, आणि हातात हात घेऊन तिला ते राज्य दाखवणाऱ्या सिस्टर सारा यांना तिच्या बोटांची थरथर कळते. शिवारात आम्ही दोघीच इंजिनिअर असतो आणि भोवती गर्दी जमते, तेव्हा माझी सहकारी अशीच माझ्या शेजारी येऊन उभी राहते.

मराठी विज्ञानकथेत अशी जोडी कुणाला आठवते का? दोन बायका, एकच प्रयोग, दोघींचं डोकं. असेल तर नाव नक्की कळवा, मला वाचायची आहे.