घरी विंग फॉइल बोर्ड घडवायचाय. फोम आणि बॉक्सबद्दल सल्ला हवा (नागपूर)

खिंडसी_वारा
वजन 78 किलो. विंग (हातात धरायचं शीड) आणि फॉइल (बोर्डाखालचा दांडा-पंख, जो बोर्ड पाण्यावर उचलतो) आहे, बोर्ड स्वतः करायचाय. बजेट 20 हजार. माप ठरवलंय: लांबी 5 फूट 10 इंच, रुंदी 29 इंच, जाडी 5 इंच. पाणी रामटेकजवळच्या खिंडसीचं. फोम कोणता घेऊ, बॉक्स (तळातल्या खाचा, ज्यात फॉइल बसतो) कसे बसवू? जूनच्या वाऱ्याआधी बोर्ड तयार हवा.

रेझीनवाले_काका
थर्माकोल घे, पण पॅकिंगचा हलका नको, टाचेखाली दबतो. घनमीटरला 20 ते 24 किलोचा ठोकळा माग. इन्सुलेशनवाल्यांकडे विचारून बघ. रेझीन इपॉक्सीच. पॉलिस्टरमधलं स्टायरीन थर्माकोल खाऊन टाकतं. साधारण 3 किलो लागेल, काट्यावर वजन करूनच मिसळ.

कार्बन_किंग
नुसती काच (फायबरग्लासचं कापड) काहून लावता भाऊ? वर 5 मिमीचा पीव्हीसी फोम, त्यावर कार्बन फायबर, मग हवा ओढून दाबणारी व्हॅक्यूम बॅग. माझा बोर्ड तसाच आहे, दगडासारखा कडक.

खिंडसी_वारा
दादा, बजेट 20 हजार लिहिलंय.

कार्बन_किंग
एकदाच खर्च करा ना राजा.

निळाफोम
निळा एक्सपीएस (दाट बंद पेशींचा फोम) पाणी पीत नाही. थर्माकोलला खोक पडली की पाणी आत शिरलंच समजा.

रेझीनवाले_काका
एक्सपीएसवर इपॉक्सीची पकड कमी. उन्हात फोममधून गॅस निघतो आणि काच फुगून सुटते. नागपूरच्या मे महिन्यात बोर्ड गाडीच्या टपावर राहिला तर फोड येणारच. थर्माकोलला व्हेंट प्लग (आतली हवा सोडणारं बूच) लाव, रंग पांढरा ठेव.

मापारी_74
आकारमानाचा हिशोब: 178 × 74 × 12.7 सेंमी म्हणजे 167 लिटरचा ठोकळा. कडा, नाक, शेपूट घडवल्यावर दोन तृतीयांश उरतो, म्हणजे 112 लिटर. तुझ्या 78 किलोच्या आकड्याहून 34 लिटर जास्त, शिकण्यासाठी योग्य. कडा फार गोल केल्यास 100 वर येशील आणि मंद वाऱ्यात गुडघ्यावरच बसून राहशील. तळ मध्ये सपाट ठेव, खालच्या कडा तिरक्या काप, म्हणजे बोर्ड पाण्याला टेकला तरी चिकटत नाही. गरम तारेने कापताना दोन्ही बाजूंना प्लायचे साचे लाव. तार घाईने ओढली तर मधोमध मागे राहते आणि तळाला पोट येतं.

फुटाळा_फॅन
खिंडसी काहून? फुटाळा शहरातच आहे.

मापारी_74
फुटाळ्यात कारंजी बसवलीत. 80 सेंमीचा मास्ट (फॉइलचा दांडा), खाली पंख: सव्वा मीटर मोकळं पाणी तरी हवंच. जलपर्णी असेल तिथे फॉइल अडकतोच.

बॉक्स_बुवा
मूळ प्रश्न बॉक्सचा आहे. बोर्ड मोडतात ते तिथेच, कारण मास्ट पहारीसारखा तरफ लावतो. 10 इंची दोन ट्रॅक (बॉक्स म्हणजे ह्याच खाचेच्या पट्ट्या) घे, मध्यापासून मध्यापर्यंत 90 मिमी. नुसत्या थर्माकोलात बसवले तर उपटून येतात. घनमीटरला 80 किलोच्या पीव्हीसी फोमचा 14 × 7 इंचाचा तुकडा तळापासून डेकपर्यंत (वरच्या बाजूपर्यंत) आरपार घाल आणि ट्रॅक त्यात कोर. चिकटवताना फॉइलची बेसप्लेट (मास्टच्या वरच्या टोकाची पट्टी) टेप गुंडाळून दोन्ही ट्रॅकवर एम8 बोल्टने कसून ठेव, समांतरपणा आपोआप मिळतो. 2 मिमी सरकले तरी प्लेट बसत नाही. वरून काचेचे तीन जादा थर. बाकी बोर्डाला 200 ग्रॅमची काच: तळाला दोन थर, डेकला दोन आणि पायाखाली तिसरा.

निळाफोम
इपॉक्सीच घ्या, पॉलिस्टर नको.

रेझीनवाले_काका
तेच वर लिहिलंय. महत्त्वाचं राहिलं: मे महिन्यात लॅमिनेशन (काच-रेझीन चढवणं) नको. भांड्यातलं रेझीन तापून धुरावतं. पावसाळ्यात दमटपणाने पृष्ठभागावर मेणचट थर येतो. दिवाळीनंतर कर.

मापारी_74
सहमत, दिवाळीनंतर.

बॉक्स_बुवा
मीही तेच म्हणेन.

खिंडसी_वारा
आभारी आहे. दिवाळीनंतर वारा कुठे असतो आपल्याकडे? मे महिन्यातच करतोय, पण रात्री 9 नंतर. तापमान उतरत असताना थर्माकोलातली हवा आकसते, रेझीन आत ओढलं जातं, बुडबुडे येत नाहीत. सकाळी चढत्या तापमानात तीच हवा काचेखालून फुगे काढते. हार्डनर (रेझीन घट्ट करणारा) मंद, एका वेळी 200 ग्रॅमच मिसळून लगेच पसरट ट्रेमध्ये ओतायचं. आधी थर्माकोलवर मायक्रोबलूनची (बारीक पोकळ गोळ्यांच्या भुकटीची) पातळ पुट्टी. पीव्हीसी फोम फक्त बॉक्सपुरता, कार्बन नाही. ठोकळा उद्या आणतो.

कार्बन_किंग
निदान डेकला तरी कार्बन लाव भाऊ.