वंचक, ढोकरी की नुसता बगया?

भाऊ, आमच्या रावेरकडे केळीच्या बागेला लागून पाटचारी आहे. तिथे रोज एक मातकट, रेघारेघांचा पक्षी मान खांद्यात घालून बसलेला असतो. चार पावलांवर गेलो तरी ढिम्म. मग एकदम उडतो, आणि काय सांगू, पांढराशुभ्र! आजीला विचारलं तर म्हणाली, “बगयाच हाये तो.” पुस्तकात ‘वंचक’ सापडलं. वंचक म्हणजे फसवणारा ना? यानं कोणाला फसवलं?

दादा, तुम्हालाच की! बसला तर ढेकूळ, उडाला तर गायबगळा. पंख, शेपूट पांढरं, पण मिटले की पाठीचा भुरा रंग सगळं झाकून टाकतो. म्हणून ‘भुरा बगळा’ हे नाव मला अर्धवट वाटतं, ते फक्त बसलेल्या पक्ष्याचं आहे. ‘वंचक’ चपखल, पण पुस्तकी. संस्कृतात तर तो शब्द कोल्ह्यालाही आहे. बोलताना ‘ढोकरी’ म्हणा. ‘ढोक’ म्हणजे बगळा, हे त्याचंच लहान रूप असावं. पक्षीही हातभरच.

आणि फसवतो तो मुळात माशा-बेडकांना. कधी तासभर बसून बघा. एक पाय उचलतो, पाणी न हलवता पुढे ठेवतो, मान हळूहळू लांब होते आणि सपकन चोच. चुकली तर पुन्हा तीच समाधी. ‘बकध्यान’ म्हणतात ते हेच.

मग ती रातढोकरी, म्हणजे रात्री शिकार करणारा बगळा, नसेल ना? आणि आखाडात त्याच जागी पाठ विटकरी-जांभळी, डोक्यामागे लांब पिसं असा एक दिसला. तो वेगळा?

नाही, तोच. विणीचा साज आहे तो. पावसाळ्यात झाडावर इतर बगळ्यांच्या शेजारी काटक्यांचं घरटं करतात, अंडी निळसर हिरवी, तीन ते पाच. रातढोकरीचं पिल्लूही तपकिरी असतं, घोटाळा होतो खरा. पण ते अंगानं थोराड, पाठीवर ठिपके, आणि उडालं तरी तपकिरीच राहतं. पंख पाहिलेत म्हणजे झालं.

गंमत म्हणजे शास्त्रीय नावात ना फसवणूक ना रंग. कंपनी सरकारच्या फौजेतल्या कर्नल साइक्स यांनी दख्खनचे पक्षी नोंदवताना 1832 मध्ये याला ग्रे नावाच्या प्राणिशास्त्रज्ञाचं नाव देऊन टाकलं.

हतनूर धरणाच्या फुगवट्यावर गेलात तर काठाच्या गवतात नीट बघा. तुम्हाला दिसण्याआधी तोच “क्वॉक” करून उडेल.

आजीला सांगितलं, भाऊ. म्हणाली, “बगयाच हाये तो.”