रेषीय फल आणि असमानता एकत्र शिकवाव्यात का?

प्रश्न

मी नववी आणि दहावीला बीजगणित शिकवते. माझे विद्यार्थी एका चलाचा लोप करून एकसामयिक समीकरणे बिनचूक सोडवतात आणि तक्ता करून रेषाही नीट काढतात. परंतु काढलेल्या रेषेकडे पाहून ‘क्ष एकाने वाढला तर य कितीने बदलेल?’ असे विचारले की ते पुन्हा तक्ता करायला घेतात. राज्य मंडळाच्या दहावीच्या पुस्तकांत समीकरणे भाग १ मध्ये आणि रेषेचा चढ, म्हणजे नेमका हाच बदल, भाग २ च्या निर्देशक भूमितीत येतो, त्यामुळे या दोन गोष्टींची गाठ बहुतेकांच्या मनात पडतच नाही. ती घालून द्यावी म्हणून मी रिक्षाच्या भाड्याचे उदाहरण घेते.

असमानतांची, म्हणजे ‘पेक्षा लहान’ किंवा ‘पेक्षा मोठे’ अशा चिन्हांच्या विधानांची, अडचण याहून मोठी आहे. ऋण संख्येने भागताना चिन्ह उलटते हे सांगितल्यापासून काही जण क्ष − ५ > २ मध्येही चिन्ह उलटवतात आणि काही जण ३क्ष < −१२ मध्येही, कारण उणे चिन्ह कुठेतरी दिसलेले असते. पुढे बारावीत लिनियर प्रोग्रॅमिंग (रेषीय असमानतांच्या मर्यादेत सर्वांत मोठी किंवा लहान किंमत शोधणे) येईल तेव्हा हा गोंधळ महागात पडेल. नियम पाठ करून न घेता हे कसे शिकवावे, आणि रेषीय फल (ज्याचा आलेख सरळ रेषा येतो असा क्ष आणि य यांचा संबंध) व असमानता एकत्र घेणे योग्य ठरेल का?

पहिला प्रतिसाद

मॅडम, एकत्र घेणे योग्यच ठरेल, असे माझे मत आहे. मात्र रिक्षाचे उदाहरण आपण कशासाठी वापरता, ते एकदा तपासून पाहावे. मुंबईत फेब्रुवारी २०२५ पासून पहिल्या दीड किलोमीटरला २६ रुपये आणि पुढे प्रत्येक किलोमीटरला १७.१४ रुपये असा दर लागू झाला. अंतर क्ष किलोमीटर आणि भाडे य रुपये धरून मुले घाईने य = १७.१४क्ष + २६ असे लिहितात आणि त्यानुसार पाच किलोमीटरचे भाडे १११.७० रुपये येते. वास्तविक दीड किलोमीटरनंतर य = २६ + १७.१४(क्ष − १.५) असते, म्हणजे सोपे रूप दिल्यावर य = १७.१४क्ष + ०.२९, आणि पाच किलोमीटरचे भाडे सुमारे ८६ रुपये होते. स्थिर पद अवघे २९ पैसे आहे! त्यामुळे रेषा य-अक्षाला कुठे छेदते हे समजावण्यासाठी हे उदाहरण उपयोगी नाही. उलट, एक सूत्र कोणत्या क्ष साठी लागू होते आणि कोणत्या क्ष साठी होत नाही, हे दाखवायला ते उत्तम आहे, कारण पहिल्या दीड किलोमीटरपर्यंत आलेख आडवाच राहतो.

स्थिर पदासाठी मी तापमान घेतो. फ = १.८से + ३२ या सूत्रात सेल्सिअस एक अंशाने वाढले की फॅरेनहाइट १.८ अंशांनी वाढते, आणि शून्याला ३२ येतात. याच आलेखावर १००.४ वर आडवी रेषा काढून ‘तापमान याहून अधिक केव्हा होते?’ असे विचारले की मुले आपोआप ३८ च्या उजवीकडे बोट ठेवतात. १.८से + ३२ > १००.४ ही असमानता तेव्हा त्यांच्या डोळ्यांसमोरच सुटलेली असते.

दुसरा प्रतिसाद

चिन्ह का उलटते, याचे उत्तरही आलेखातच आहे, आणि मला तोच या पाठाचा गाभा वाटतो. य = −२क्ष ही रेषा काढा आणि य = ६ ही आडवी रेषा काढा. पहिली रेषा दुसरीच्या खाली कुठे आहे? −३ च्या उजवीकडे. म्हणून −२क्ष < ६ चे उत्तर क्ष > −३. उतरत्या रेषेवर य कमी हवा असेल तर क्ष वाढवावा लागतो. दिशा बदलण्याचे कारण एवढेच आहे. क्ष − ५ मध्ये रेषा नुसती खाली सरकते, तिचा चढ धनच राहतो. ३क्ष < −१२ मध्येही रेषा चढतीच आहे, मग उजवीकडे कितीही ऋण संख्या असो.

आलेखाशिवाय करायचे असेल तर दोन्ही बाजूंना २क्ष मिळवू द्यावे: ० < ६ + २क्ष, म्हणून −६ < २क्ष, म्हणून −३ < क्ष. यात ऋण संख्येने भागण्याची वेळच येत नाही. शेवटी −३ च्या दोन्ही बाजूंची क्ष ची एकेक किंमत तपासण्याची सवय लावावी: क्ष = ० घेतल्यास ० < ६ खरे, क्ष = −५ घेतल्यास १० < ६ खोटे.

वर्गात जिओजेब्रा (आलेख काढण्याचे सॉफ्टवेअर) वापरता येत असेल तर मक्ष < ६ मधील म साठी स्लायडर (किंमत बदलण्याची सरकती पट्टी) ठेवा. म धन असताना उत्तराची सीमा ६/म वर असते; म शून्याकडे नेताना ती उजवीकडे दूर पळते, म = ० ला प्रत्येक क्ष चालतो, आणि म ऋण होताच सीमा डावीकडून परत येते व उत्तर तिच्या उजवीकडे जाते. हे पाहण्यासाठी तासाची दहा मिनिटे अवश्य द्यावीत.

प्रश्नकर्ती

दोघांचेही मनापासून आभार. उतरत्या रेषेचा मुद्दा मी याच आठवड्यात घेईन. एक शंका उरते. दोन चले आली की ‘<’ म्हणजे रेषेच्या खालची बाजू असे मुले धरून चालतात. तिथे काय करावे?

दुसरा प्रतिसाद

२क्ष − ३य < ६ हे उदाहरण मुद्दाम द्यावे. सीमारेषा (३, ०) आणि (०, −२) मधून जाते, आरंभबिंदू ठेवल्यास ० < ६ खरे ठरते, आणि तो रेषेच्या वर आहे. म्हणजे चिन्ह ‘<’ असूनही वरची बाजू रंगवावी लागते. मग एखाद्या उभ्या रेषेवरून वर जायला सांगावे: क्ष तोच राहतो, य वाढतो, म्हणून −३य कमी होत जाते. एका चलाच्या वेळचेच कारण इथे पुन्हा भेटते. सीमारेषा आरंभबिंदूतून जात असेल तेव्हा तो तपासून काहीच कळत नाही. अशा वेळी रेषेवर नसलेला दुसरा कोणताही बिंदू घ्यावा. ‘<’ साठी रेषा तुटक आणि ‘≤’ साठी अखंड, हे मात्र मुले लवकर उचलतात.