मदत हवी आहे : लाकडात भरायचा मसाला घरच्या घरी कसा बनवायचा?

कापूसकोंडा
दाराच्या चौकटीला भोकं पडली आहेत. आरामशीनवरून बुरादा आणला, फेविकॉलमध्ये कालवून भरला. वरून खडखडीत वाळला. दोन दिवसांनी बोट दाबलं तर कवच फुटलं आणि आत नुसता ओला लगदा. तयार फिलर गावात मिळत नाही, तालुका २२ किलोमीटर. रविवारी बहिणीचं साक्षगंध आहे. फक्त प्रमाण सांगा. लवकर.

रंधा_पटाशी
प्रमाण नंतर. भोक केवढं, खोल किती? लाकूड कोणतं? वरून ऑइल पेंट मारणार की पॉलिश?

कापूसकोंडा
साधं भोक आहे हो. सागवान, आजोबांच्या वेळचं. पॉलिश. फोटो चढत नाही, रेंज नाही.

पेठेतला
पांढऱ्या सिमेंटची वॉल पुट्टी भरा. आम्ही फ्लॅटच्या भिंतींना वापरली, एकदम गुळगुळीत. टाईल्सच्या फटींनाही चालते.

रंधा_पटाशी
भिंतीचं कोणी विचारलंय? लाकूड पावसाळ्यात फुगतं, उन्हाळ्यात आकसतं. सिमेंट त्याच्यासोबत हलत नाही, पापुद्रा सुटतो.

वऱ्हाडी_ठेचा
काहून एवढं डोकं लावता बा? लाख घे न लाख! गोंदिया साइडनं पळसाच्या झाडावर होते. जुनी कानस तापवायची, तिच्या टोकानं लाख वितळवून भोकात सोडायची. पाच मिनटात दगड. आमचा बुढा तेच करे.

जवसवाली
लाख खिळ्याच्या बारीक भोकाला ठीक, मोठ्या भोकात ठिसूळ होऊन टवका उडतो. आमच्याकडे रंगारी लांबी, म्हणजे फटी भरायची पुट्टी, घरीच करायचे: खडूची भुकटी आणि जवसाचं तेल, कणकेसारखं मळायचं. पण कच्चं तेल वाळायला कित्येक दिवस घेतं आणि ती पांढरट लांबी पेंटखालीच लपते, पॉलिशखाली नाही. आणि तेलाचे बोळे गोळा करून कोपऱ्यात टाकू नका. जवसाचं तेल वाळताना तापतं, चिंध्या आपोआप पेट घेतात. बाहेर मोकळ्या हवेत, एकेक पसरून वाळवा.

वऱ्हाडी_ठेचा
चिंध्या आपोआप पेटतात म्हने! आमच्या इकडं मे महिन्यात मानूसच पेटते.

रंधा_पटाशी
जवसवाली बरोबर सांगताहेत, हसू नका.
कापूसकोंडा, तुमचं चुकलं ते थरात. फेविकॉल सुकतो म्हणजे त्यातलं पाणी बाहेर पडतं. तुम्ही एकदम खोल भरला, या उन्हात वरचा थर आधी कडक झाला आणि आतलं पाणी कोंडलं. एका वेळी दोन-तीन मिलिमीटरच भरा, रात्रभर राहू द्या, मग पुढचा थर. शेवटचा थर जरा उचललेला ठेवा, कारण तो बसतो.
बुरादाही आरामशीनचा नको, तो जाडाभरडा असतो. त्याच चौकटीच्या आतल्या बाजूला पॉलिश पेपर घासा, जी मैद्यासारखी भुकटी पडेल ती घ्या म्हणजे रंग जुळतो. फेविकॉल भुकटी ओली होण्यापुरताच. पुरणासारखं घट्ट हवं, चमच्यावरून ओघळलं तर जास्त झालं. भोकाबाहेर लागलेला गोंद लगेच ओल्या फडक्यानं पुसा, त्यावर पॉलिश चढत नाही, पांढुरका डाग राहतो.

पेठेतला
फेविकॉलऐवजी मैद्याची खळ चालेल का? स्वस्त पडते.

जवसवाली
चालेल, किड्यांना.

कापूसकोंडा
धन्यवाद. पण तीन थर म्हणजे तीन रात्री, आज गुरुवार. आणि वाळल्यावर बिजागरीचे स्क्रू त्यातच कसायचे ना?

रंधा_पटाशी
अहो, हे आधी नाही का सांगायचं! बिजागरीचं भोक आहे? मग कितीही चांगला मसाला भरा, दाराच्या वजनाला स्क्रू उपटून येणार. सगळा लगदा खरवडून काढा. सागाची खुंटी तासा, भोकापेक्षा किंचित जाड. फेविकॉल लावून हातोडीनं ठोका, वरचं टोक पटाशीनं सपाट करा. एक रात्र राहू द्या, मग बारीक भोक पाडून स्क्रू. मसाला फक्त कडेच्या फटीला.

वऱ्हाडी_ठेचा
साग कायले? बांबूची ठोकजो, मस्त बसते.

रंधा_पटाशी
बांबू उभा चिरतो. स्क्रू आत गेला की दोन फाका.

वऱ्हाडी_ठेचा
आमच्या गोठ्याच्या फाटकाले बांबूचीच हाये. अजून हललं नाई.

रंधा_पटाशी
गोठ्यावर साक्षगंध आहे का? बरं कापूसकोंडा, भोकं मोठी कशानं झाली? स्क्रूड्रायव्हरच्या मुठीनं चौकट ठोकून पाहा, पोकळ वाजते का?

कापूसकोंडा (शनिवार, रात्री)
खुंट्या ठोकल्या. जुन्या पाटाच्या तुकड्यातून काढल्या, सागाच्याच. दार उंबऱ्याला घासायचं, ते थांबलं. वर मसाला भरला, थोडा गडद दिसतोय पण तिथं तोरणाची झालर येईल.
ठोकून पाहिलं. खाली वीतभर पोकळ वाजतं. तिथं मातीची बारीक रेघ होती, मी मागच्या आठवड्यात पुसली होती, आज परत आली. त्यावर पण मसालाच भरू का?

जवसवाली
उदई! वाळवी लागलीय!

रंधा_पटाशी
भरू नका. उद्याचं होऊ द्या, सोमवारी नवीन धागा काढा. या वेळी सगळं सांगा.