फर्डा वक्ता की प्रतिनिधींचा हिशेब? अमेरिकेच्या प्राथमिक फेऱ्या आणि उमेदवारांचे बोलणे

पहाटवारा (पुणे), ८ मे २००८

नॉर्थ कॅरोलायना आणि इंडियाना या राज्यांतील डेमोक्रॅटिक पक्षाच्या प्राथमिक फेरीचे (पक्षाचा अध्यक्षपदाचा उमेदवार ठरवण्यासाठी राज्याराज्यांत होणाऱ्या मतदानाचे) निकाल पाहण्यासाठी काल पहाटे साडेचारचा गजर लावून उठलो. जानेवारीपासून हा नेमच झाला आहे, कारण तिकडे मतदान संपते तेव्हा आपल्याकडे उजाडायला आलेले असते. पाच वाजता नॉर्थ कॅरोलायनातील मतदान संपले आणि वाहिन्यांनी लगेच बराक ओबामा यांचा विजय जाहीर केला. तिथे अंतर ५६ विरुद्ध ४२ टक्के असे मोठे होते. इंडियानाने मात्र ताटकळत ठेवले. गॅरी शहर ज्या लेक काउंटीत आहे तिथली मते अगदी शेवटी आली आणि मी कचेरीत पोहोचल्यानंतर कुठे हिलरी क्लिंटन यांचा ५१ विरुद्ध ४९ असा निसटता विजय पक्का झाला.

या चार महिन्यांत माझे एक मत तयार झाले आहे आणि ते तपासून घ्यावे म्हणून हा धागा काढतो आहे. उमेदवाराचे भाषण हा निकालाच्या कडेने लावलेला गोट आहे, खरी गोष्ट आकड्यांत असते, असे अनेक जाणकार म्हणतात. मला ते पटत नाही. माणूस कसा बोलतो, विशेषतः हरलेल्या रात्री कसा बोलतो, हा तो माणूस पुढे कसा वागेल याचा पुरावाच असतो, असे मी मानतो.

८ जानेवारीची न्यू हॅम्पशायरची रात्र आठवा. पाच दिवसांपूर्वी आयोवा जिंकलेले ओबामा इथेही जिंकणार असे बहुतेक जनमत चाचण्या सांगत होत्या आणि क्लिंटन सुमारे अडीच टक्क्यांनी जिंकल्या. नॅशुआच्या सभागृहात ओबामा आले, सर्वप्रथम त्यांनी प्रतिस्पर्ध्याचे अभिनंदन केले आणि मग जे बोलले त्यातले ‘येस वुइ कॅन’ हे तीन शब्द आज सगळ्या जगाला पाठ आहेत. विजयाच्या रात्री पल्लेदार वाक्ये कुणालाही सुचतात. पराभवाच्या रात्री आपल्या माणसांचा धीर सुटू न देता, समोरच्याला कमी न लेखता बोलणे याला आतून काहीतरी स्थिर असावे लागते.

याच्या उलट उदाहरण म्हणून सर्वजण २००४ साली डेमोक्रॅटिक उमेदवारीच्या शर्यतीत असलेल्या हॉवर्ड डीन यांच्या आरोळीकडे बोट दाखवतात. पण ते उदाहरण मला अन्यायाचे वाटते. आयोवात तिसरे आल्यानंतर ते कार्यकर्त्यांच्या गोंगाटावर आवाज चढवून बोलत होते. त्यांच्या हातातल्या माइकने फक्त त्यांचा आवाज टिपला आणि सभागृहातला कल्लोळ गाळला, म्हणून दूरचित्रवाणीवर ते एकटेच ओरडताहेत असे दिसले. शिवाय आरोळीच्या आधीच, त्या संध्याकाळी, आयोवातील डेमोक्रॅटांनी त्यांना १८ टक्क्यांवर आणून ठेवले होते. म्हणून माझे म्हणणे असे की भाषणावरून माणूस जरूर जोखावा, पण अर्ध्या मिनिटाच्या तुकड्यावरून नव्हे.

जुना_मुलुंडकर (न्यू जर्सी)

पहाटवाराजी, लेख मनापासून लिहिला आहे, म्हणूनच मनापासून विरोध करतो. आपण भाषणे ऐकत आहात आणि निवडणूक मात्र दुसरीकडेच चालली आहे.

डेमोक्रॅटिक पक्षात राज्य जिंकले म्हणजे तिथले सगळे प्रतिनिधी (पक्षाच्या अधिवेशनात उमेदवार निवडणारी माणसे) मिळाले, असे नसते. १५ टक्क्यांच्या वर मते घेणाऱ्या प्रत्येकाला मतांच्या प्रमाणात प्रतिनिधी मिळतात. ५ फेब्रुवारीला, सुपर ट्यूजडेला, म्हणजे अनेक राज्यांत एकदम मतदान होते त्या मंगळवारी, आमच्या न्यू जर्सीत क्लिंटन सुमारे दहा टक्क्यांनी जिंकल्या. इतक्या दाट लोकवस्तीच्या राज्यातून त्यांच्या पदरात काय पडले? ५९ विरुद्ध ४८, म्हणजे ११ प्रतिनिधींची आघाडी. त्याच दिवशी आयडाहोसारख्या विरळ वस्तीच्या राज्यात कॉकस झाले, म्हणजे मतपेटीऐवजी लोकांनी सभेत जमून कौल दिला. तिथे क्लिंटन यांच्या माणसांनी फारसे लक्षच दिले नाही आणि ओबामा यांनी १५ विरुद्ध ३ असे प्रतिनिधी नेले, म्हणजे १२ ची आघाडी. एका आयडाहोने आख्खे न्यू जर्सी पुसून टाकले. यात वक्तृत्वाचा संबंध कुठे येतो? नियमावली कोणी आधी वाचली, कोणी कचेऱ्या आधी उघडल्या आणि सुपर ट्यूजडेनंतरही शर्यत चालू राहील हे कोणी गृहीत धरले, यावर हा निकाल ठरला. फेब्रुवारीत त्यानंतर झालेली एकही लढत क्लिंटन यांना जिंकता आली नाही.

टेक्सासचेही तेच. ४ मार्चला मतदान क्लिंटन यांनी जिंकले, वर्तमानपत्रांचे मथळे त्यांना मिळाले. पण त्याच रात्री तिथे कॉकसही होते आणि ते धरून प्रतिनिधी मोजले तर ओबामा पुढे. मथळा वाचणाऱ्याला आणि हिशेब करणाऱ्याला दोन वेगळ्या निवडणुका दिसतात.

आणखी एक गोष्ट. आपल्याला वक्त्याचे भारी वेड. न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली सुरू केलेली वसंत व्याख्यानमाला ज्या शहरात आजही भरते, तिथल्या माणसाला फर्डा वक्ता मोठा माणूस वाटणे स्वाभाविक आहे. पण अध्यक्षाला व्याख्यान द्यायचे नसते, निर्णय घ्यायचे असतात.

रानजाई (ठाणे)

दोघांच्याही मांडणीत एक गोष्ट सुटली आहे. ‘चांगले बोलणे’ कशाला म्हणायचे, हे कोणी ठरवले?

पहाटवारा, तुमची कसोटी पराभवाच्या रात्रीच्या व्यासपीठाची आहे आणि ती व्यासपीठावर खुलणाऱ्या माणसाला आपोआप झुकते माप देते. क्लिंटन मोठ्या सभेत खुलत नाहीत हे खरे आहे. आवाज चढवला की त्यांची वाक्ये कोरडी होतात. पण प्रश्नोत्तरांत त्यांना ऐका. आरोग्य विम्याबद्दल विचारले की सर्वांना विमा सक्तीचा का हवा, निरोगी माणसे बाहेर राहिली तर आजारी माणसांचा हप्ता का वाढतो, हे त्या कागद न पाहता सांगतात. ओबामा यांची योजना फक्त मुलांपुरती सक्ती करते आणि वादसभांमध्ये त्याबद्दल विचारले असता ते अडखळतात, शब्द शोधतात, वाक्य अर्ध्यावर सोडतात. १६ एप्रिलच्या फिलाडेल्फियाच्या वादसभेतही त्यांचे अडखळणे सर्वांनी पाहिले. मग फर्डे कोण?

आणि बाईच्या आवाजाला लावली जाणारी विशेषणे पुरुषाला लागत नाहीत. तोच आवेश पुरुषाने दाखवला तर ‘तडफदार’, तिने दाखवला तर ‘कर्कश’. ७ जानेवारीला पोर्ट्समथच्या एका कॉफीच्या दुकानात एका मतदार बाईने क्लिंटन यांना विचारले, की तुम्ही हे सगळे कसे निभावता. उत्तर देताना त्यांचे डोळे भरून आले, तर ते अश्रू खरे की खोटे यावर देशभर चर्चा झाली. त्याच दिवशी न्यू हॅम्पशायरमधल्या दुसऱ्या सभेत त्यांच्यासमोर ‘माझा शर्ट इस्त्री कर’ असे ओरडले गेले. अशा वातावरणात त्या कशा बोलल्या, हे ‘आवाज गोड नाही’ म्हणून मोजायचे का?

ज्या ओबामा यांच्या उदारपणाचे तुम्ही कौतुक करता, त्यांचे ५ जानेवारीच्या वादसभेतले वाक्यही पुराव्यात धरा. लोकांना तुम्ही फारशा आवडत नाही, असे क्लिंटन यांना विचारले गेले. त्यांनी हसून वेळ निभावली आणि ओबामा कागदावरून जेमतेम नजर उचलून म्हणाले, की हिलरी, तुम्ही पुरेशा आवडण्यासारख्या आहात. ‘पुरेशा’ हा शब्द मला अजून टोचतो.

पहाटवारा

रानजाई, ते वाक्य मलाही खटकले होते आणि मी ते लेखात घ्यायला हवे होते. माझी कसोटी व्यासपीठाकडे झुकते हा तुमचा आक्षेप मान्य. मात्र त्याच कसोटीवर क्लिंटन यांचे दुसरे बोलणेही घ्यावे लागेल. १९९६ मध्ये बोस्नियातील तुझला येथे आपण बंदुकीच्या गोळ्या चुकवत उतरलो असे त्यांनी सांगितले आणि चित्रफीत बाहेर आल्यावर ते मागे घ्यावे लागले. ती चूक आवाजाच्या पट्टीची नव्हती.

मुलुंडकर, आयडाहोचा हिशेब बिनतोड आहे. पण त्या कचेऱ्यांमध्ये बसायला माणसे कुठून आली? बिनपगारी, थंडीत दारोदार फिरणारी माणसे नियमावली वाचून येत नाहीत.

जुना_मुलुंडकर

कुठून आली ते सांगतो, कारण जानेवारीत मी स्वतः अशा कचेरीत दूरध्वनी करायला बसत होतो. माझ्याबरोबरच्या माणसांपैकी बहुतेकांनी एकच कारण सांगितले, ते म्हणजे इराक. क्लिंटन यांनी ऑक्टोबर २००२ मध्ये युद्धाला परवानगी देणाऱ्या ठरावाच्या बाजूने मत दिले होते. एका निवृत्त शिक्षिकेचा भाचा तिकडे होता. तिने ओबामा यांचे एकही भाषण पूर्ण ऐकले नव्हते. आपण ज्याला वक्तृत्वाची जादू समजता, ती पुष्कळदा पाच वर्षांचा साचलेला राग असते.

पहाटवारा

पण त्याच महिन्यात ओबामा यांच्याकडे काय होते? ते इलिनॉय राज्याच्या सेनेटमध्ये होते; वॉशिंग्टनमध्ये त्यांना मत नव्हतेच. २ ऑक्टोबर २००२ ला शिकागोत त्यांनी युद्धाविरुद्ध भाषण केले, एवढेच. या मार्चमध्ये क्लिंटन म्हणाल्या, की (रिपब्लिकन पक्षाचे) मॅकेन यांच्याजवळ आयुष्यभराचा अनुभव आहे, माझ्याजवळ आहे आणि सेनेटर ओबामा यांच्याजवळ २००२ साली केलेले एक भाषण आहे. त्यांनी ते हिणवण्यासाठी म्हटले. मला मात्र वाटते की लोकप्रियतेच्या लाटेत युद्धाच्या विरोधात उभे राहून बोलणे ही कृतीच होती. तुमच्या शिक्षिकाबाईंनी भाषण ऐकले नसेल, पण त्यांनी मत दिले ते त्या भाषणालाच.

जुना_मुलुंडकर

इथे मी हटणार नाही. शिकागोच्या ज्या मतदारसंघातून ते निवडून येत होते तिथे युद्धविरोधी बोलणे धोक्याचे नव्हते. मत द्यायची वेळ आली असती तर त्यांनी काय केले असते, हे भाषणावरून सिद्ध होत नाही. मोकळ्या हाताने केलेले भाषण आणि सही करून केलेले मतदान यांना एकाच तराजूत घालणे न्यायाचे नाही.

उलट, भाषणावरूनच जोखायचे असेल तर गेल्या पंधरवड्याचा पेट्रोलचा वाद घ्या, म्हणजे आपल्याच बाजूचा पुरावा मी देतो. मॅकेन आणि क्लिंटन दोघांनीही म्हटले, की उन्हाळ्यापुरता गॅलनमागचा १८.४ सेंटचा केंद्रीय कर माफ करू. टाळीचे वाक्य तेच होते. ओबामा यांनी इंडियानासारख्या गाडीशिवाय पान न हलणाऱ्या राज्यात उभे राहून सांगितले, की याने फार तर अर्ध्या टाकीची बचत होईल आणि ती तेल कंपन्यांच्या खिशात जाईल. हे बोलणे पल्लेदार नव्हते, कानाला गोडही नव्हते. मला त्यांच्या सगळ्या गाजलेल्या भाषणांपेक्षा ते जास्त मोलाचे वाटते.

रानजाई

हे मला पटते. आणि मग मॅकेन यांनाही त्यांचे माप द्या. समोरचा मजकूर वाचायचा असला की ते अवघडतात, दर चार वाक्यांना ‘माझ्या मित्रांनो’ येते. पण २००० साली न्यू हॅम्पशायरमध्ये शंभराहून अधिक गावसभा घेऊन, अडचणीच्या प्रश्नांना तोंड देऊन त्यांनी जॉर्ज बुश यांना हरवले होते आणि यंदाही त्यांची बुडती मोहीम तिथेच सावरली. त्यांचे इराकबद्दलचे मत मला अजिबात मान्य नाही, पण विरोधात उभा राहिलेला प्रश्नकर्ता ते पूर्ण ऐकून घेतात.

कृष्णाकाठ (आयोवा)

उशिरा लिहितो आहे. मी इथला नागरिक नाही, त्यामुळे मत नाही. ३ जानेवारीला आमच्या भागातले कॉकस पाहायला मात्र गेलो होतो. शाळेच्या व्यायामशाळेत बसायला जागा उरली नव्हती. या राज्यात २००४ साली सुमारे १ लाख २४ हजार डेमोक्रॅट कॉकसला आले होते, यंदा २ लाख ३९ हजारांच्या आसपास आले. प्रत्येक उमेदवाराचा एक कोपरा, आणि ज्या कोपऱ्यात १५ टक्के माणसे भरत नाहीत त्यांनी दुसरीकडे जायचे.

जो बायडन यांच्या कोपऱ्यात नऊ माणसे उरली होती. त्यांना वळवायला एडवर्ड्स यांच्याकडून एक तरुण वकील आला आणि फार सुंदर बोलला. क्लिंटन यांच्याकडून एक बाई आली, तिच्या हातात छापील पत्रक होते. ओबामा यांच्या कोपऱ्यातून आमच्या रस्त्यावर धान्याचे कोठार असलेला एक म्हातारा शेतकरी आला आणि त्या नऊ जणांच्या शेजारच्या बाकावर नुसता बसला. त्याने आधी प्रत्येकाला विचारले, की तुम्ही बायडनसाठी का आला होता. दहा-बारा मिनिटे तो ऐकतच होता. नऊपैकी सहा जण त्याच्याबरोबर उठून गेले.

पहाटवारा

कृष्णाकाठ, तो शेवटी काय बोलला ते ऐकू आले का?

कृष्णाकाठ

आले. तो म्हणाला, की परराष्ट्र व्यवहारात बायडन यांना जास्त कळते हे मलाही मान्य आहे; निवडून आल्यावर आपल्या माणसाने त्यांचा सल्ला घ्यावा, असे पत्र आपण सगळे मिळून लिहू.